भार न वाहणाऱ्या दांड्या

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर यांच्या मधोमध पूर्णा नदीच्या काळ्या मातीचा जो टापू पसरलेला आहे, त्याच्या दक्षिणेकडील कडेस, बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात, धामणगाव बढे हे गाव आहे. आणि या टापूच्या पूर्वेस, अकोला जिल्ह्यात, पारसचे औष्णिक वीजकेंद्र, तर पश्चिमेस, भुसावळजवळ, दीपनगरचे वीजकेंद्र उभे असल्यामुळे येथील शेतकऱ्याला उच्च दाबाच्या वाहिन्यांचे पोलादी मनोरे ही काही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. कपाशीच्या रानात आणि तुरीच्या ओळींत पाय रोवून उभ्या असलेल्या त्या जाळीदार आकृतीकडे तो अलिप्तपणे पाहतो, हे स्वाभाविकच आहे. कारण तिच्यावरून वाहणारी वीज त्याच्या विहिरीवरील पंपाला थेट मिळत नाही, ती डोक्यावरून परगावी जाते, आणि नांगराला मात्र चारही पायांना वळसा घालावा लागतो.

अशा मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले म्हणजे तीन प्रकारचे लोखंड नजरेस पडते. चार कोपऱ्यांवरचे जाड पाय. त्या पायांना एकमेकांशी तिरपे बांधणाऱ्या मध्यम जाडीच्या दांड्या. आणि पाय व तिरप्या दांड्या यांच्या बेचक्यांत त्रिकोणामागून त्रिकोण भरत गेलेल्या, दोन-तीन हात लांबीच्या, अगदी किरकोळ दिसणाऱ्या बारीक दांड्या. पायांचे काम कोणीही सांगेल, तिरप्या दांड्यांचेही अनुमान करता येईल. परंतु या बारीक दांड्यांपाशी सामान्य माणसाची बुद्धी थबकते, आणि गंमत अशी की अभियंत्याच्या हिशेबाच्या कागदावरही त्यांच्या नावापुढे, भाराच्या रकान्यात, शून्य मांडलेले असते. मनोऱ्याचे लोखंड चोरीस जाते तेव्हा पहिला बळी बहुधा यांचाच पडतो, कारण खालच्या दांड्या जमिनीवरून हाताला लागतात, एक-दोन बोल्ट काढले की सुटतात, आणि त्या काढून नेल्यावर मनोरा तसूभरही हलत नाही. तो कोणत्या दिवशी हलतो आणि का हलतो, हे समजून घेण्यासाठी मनोऱ्याच्या रचनेचा हिशेब मुळापासून पाहावा लागतो.

महाराष्ट्रात या मनोऱ्यांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. जमशेटजी टाटांनी मनात धरलेली आणि त्यांच्या पश्चात सिद्धीस गेलेली जलविद्युत् योजना १९१५ साली कार्यान्वित झाली, तेव्हा लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरवून निर्माण केलेली वीज एक लक्ष व्होल्ट दाबाने मुंबईस परळपर्यंत आणली गेली, आणि ती सुमारे ४३ मैलांची वाहिनी पोलादी मनोऱ्यांवरच ओढलेली होती. पुढे कोयनेची वीज आली, तिच्यासाठी २२० किलोव्होल्टचे मनोरे उभे राहिले. १९९९ मध्ये तर चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. मनोऱ्याची उंची वाढली, पोलादाची प्रत सुधारली. परंतु कोनाच्या आकाराचे लोखंड, ज्याला बाजारात आपण अँगल म्हणतो, त्याचे तुकडे कापून, त्यांना जस्ताचा मुलामा देऊन, ते खांद्यावर किंवा बैलगाडीतून रानात नेऊन तेथे बोल्टांनी जोडायचे, ही मूळ कल्पना तीच राहिली. चिखलातून जड खांब नेणे अशक्य असते, अँगलचा भारा नेता येतो; आणि भरीव भिंतीपेक्षा जाळीला वारा पुष्कळ कमी अडतो.

वाऱ्याचा हा उल्लेख सहज आलेला नाही. मनोऱ्यावरचा मुख्य भार तारांच्या वजनाचा असणार, असा आपला समज असतो. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीवर पुष्कळदा ‘झेब्रा’ या नावाची तार वापरतात. मधोमध पोलादाचे ७ पदर आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमचे ५४ पदर अशी ती वळलेली असते, तिचा व्यास २८.६२ मिलिमीटर आणि वजन मीटरमागे १.६२१ किलो. दोन मनोऱ्यांतील अंतर ३५० मीटर धरले, तर एका मनोऱ्याच्या वाट्यास एका तारेचे ५६७ किलो वजन येते, आणि दुहेरी वाहिनीच्या सहा तारांचे मिळून साडेतीन टनांच्या आतच राहते. आता वारा पाहू. भारतीय मानकातील वाऱ्याच्या तक्त्यात औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, मूलवेग सेकंदाला ३९ मीटर आणि नागपूरचा ४४ मीटर दिलेला आहे, आणि बुलढाणा जिल्हा या दोहोंच्या मध्ये पडतो. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. पन्नास वर्षांतून सरासरी एकदा अपेक्षित असलेला, तीन सेकंद टिकणारा झोत. मनोऱ्यांसाठी असलेले भारतीय मानक क्रमांक ८०२ या झोताचे रूपांतर दहा मिनिटांच्या सरासरी वेगात करते, तो सेकंदाला २८.४ मीटर येतो आणि त्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ४९ किलो होतो. तार तर जेमतेम तीन सेंटीमीटर रुंद. परंतु ती ३५० मीटर लांब असल्यामुळे वाऱ्यासमोर येणारे तिचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटर भरते, आणि झोतांच्या हेलकाव्यांसाठी मानकाने सांगितलेला, जवळजवळ दुपटीचा, गुणक लावला म्हणजे एकेका तारेचा आडवा रेटा एक टनाच्या घरात जातो. वजनाने तार जितकी खाली ओढते, त्याच्या पावणेदोन पट वादळात ती आडवी ढकलते. मनोरा हा तारा टांगण्याचा खांब असला, तरी त्याची सारी आकृती ठरते ती वाऱ्याला तोंड देण्यासाठी.

वाहिनी जेथे वळते तेथे आणखी एक रेटा येतो. सरळ रेषेत तारेचा ताण मनोऱ्याच्या दोन्ही अंगांस समान असल्याने परस्परांस मारतो. वळणावर तो पुरता मारला जात नाही आणि उरलेला भाग मनोऱ्याला वळणाच्या आतल्या अंगास खेचत राहतो, वारा पडलेला असला तरीही, रात्रंदिवस. झेब्रा तारेवर तीन टनांचा ताण ठेवला, तर ३५० मीटरच्या अंतरात तिला सव्वाआठ मीटरांचा झोळ पडतो. आणि त्याच ताणाने ३० अंशांच्या वळणावर प्रत्येक तार मनोऱ्याला सुमारे दीड टनाने, तर ६० अंशांच्या वळणावर पुऱ्या तीन टनांनी आत ओढते. म्हणून मनोऱ्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग पडले आहेत: पहिला २ अंशांपर्यंतच्या, दुसरा १५, तिसरा ३० आणि चौथा ६० अंशांपर्यंतच्या वळणाचा. रस्त्याने जाताना ज्या मनोऱ्यावर विद्युतरोधक चकत्यांच्या माळा सरळ खाली लोंबताना दिसतात तो पहिल्या वर्गाचा, आणि ज्यावर त्या तारेच्या रेषेत आडव्या ताणलेल्या दिसतात तो वळणाचा किंवा शेवटचा, जो उघडच अधिक दणकट असतो.

आता हे आडवे रेटे जमिनीत कसे उतरतात ते एका कल्पित पण वास्तवाला धरून असलेल्या मनोऱ्यावर पाहू. सहा तारांचा सहा टन रेटा सरासरी २५ मीटर उंचीवर, शिखरावरील भूतारेचा अर्धा टन ३६ मीटरांवर, आणि खुद्द मनोऱ्याच्या अंगावर बसणारा वाऱ्याचा तीन टन रेटा १८ मीटरांवर, असे धरले, तर भार आणि उंची यांच्या गुणाकारांची बेरीज २२२ टन-मीटर होते. पायथ्याची रुंदी ६ मीटर असेल, तर ही उलथवणारी शक्ती तोलण्यासाठी वाऱ्याच्या मागच्या अंगाचे दोन पाय प्रत्येकी साडेअठरा टनांनी दाबले जातात आणि पुढच्या अंगाचे दोन पाय तितक्याच जोराने वर उपटले जातात. तारा, चकत्या आणि लोखंड यांचे मिळून वजन नऊ-दहा टन, त्यातले प्रत्येक पायाच्या वाट्याला सुमारे २.४ टन; ते जमेस धरता मागच्या पायावर सुमारे २१ टनांचा दाब राहतो आणि पुढच्या पायावर सुमारे १६ टनांची उपट.

पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीत ही उपट हीच खरी चिंता. घराचा पाया खाली दबू नये म्हणून घालतात. मनोऱ्याचा पाया वर निघू नये म्हणूनही घालावा लागतो, आणि त्यासाठी खाली रुंद होत गेलेल्या काँक्रीटच्या पायावरील मातीचे वजन उपयोगी पडते. साध्या, घट्ट जमिनीत पायाच्या तळापासून ३० अंशांनी बाहेर कलत जाणारा मातीचा मोठा शंकू पायासोबत उचलला जाईल असे गृहीत धरतात. काळी माती मात्र उन्हाळ्यात भेगाळून सुटी होते आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी मऊ पडते. तिच्या वरच्या थराचा भरवसा धरता येत नाही, आणि त्यामुळे तोच मनोरा मुरमाड जमिनीत जितक्या पायावर उभा राहतो त्यापेक्षा येथे त्याला पुष्कळ मोठा पाया द्यावा लागतो.

पायांनंतर तिरप्या दांड्या. येथे रचनाशास्त्रातील एक विलक्षण सुंदर गोष्ट आहे, जी शाळकरी मुलालाही कागदावर रेघा ओढून पडताळता येईल. चारही पाय आत कलते ठेवून, ते ज्या बिंदूत वाढवले असता मिळतील तो बिंदू, आणि सर्व आडव्या रेट्यांचे फलित ज्या उंचीवर एकवटते तो बिंदू, हे दोन्ही एकच असतील, तर सारा रेटा पायांतूनच उतरतो आणि तिरप्या दांड्यांना काही कामच उरत नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये उभ्या राहिलेल्या आयफेलच्या मनोऱ्याच्या पायांना जो डौलदार बाक आहे, तो याच विचारातून आलेला आहे. वीजवाहिनीच्या मनोऱ्याला मात्र हा योग नेहमी लाभत नाही, कारण त्याचा भार एकाच जागी राहत नाही. एखादी तार तुटली, तर आडव्या हाताच्या टोकाशी एकीकडचा ताण नाहीसा होतो आणि दुसरीकडचा मनोऱ्याला पीळ घालू लागतो. अशा वेळी चारही बाजूंच्या तिरप्या दांड्या आणि मधूनमधून घातलेल्या आडव्या चौकटी यांनीच तो पीळ सोसायचा असतो. सरळ रेषेतील मनोऱ्यावर चकत्यांची माळ तारेच्या ओढीबरोबर झुकते आणि ताण आपोआप कमी होतो, म्हणून तेथे तुटलेल्या तारेचा निम्माच ताण हिशेबात घेतात. वळणाच्या मनोऱ्यावर ही सवलत नाही.

हिशेबाची रीत तत्त्वतः साधी आहे. मनोऱ्याचा प्रत्येक सांधा स्थिर असेल, तर त्याला येऊन मिळणाऱ्या दांड्यांतील बळांची बेरीज उभ्या, आडव्या आणि लांबीच्या अशा तिन्ही दिशांनी शून्य झाली पाहिजे. म्हणजे एका सांध्यामागे तीन समीकरणे. मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६४ साली दाखवून दिले, की सांध्यांच्या संख्येची तिप्पट करून त्यातून सहा वजा केले असता जितका आकडा येतो, तितक्या दांड्या अवकाशातील जाळी ताठ राहण्यासाठी सामान्यतः लागतात. संगणकाच्या पूर्वी हीच समीकरणे अभियंते रेखाचित्रांनी सोडवीत. मोठ्या कागदावर बळांचे बहुभुज काढून, पट्टीने लांबी मोजून, एकेका दांडीतील ताण व दाब वाचून घेत. आज शेकडो सांध्यांची समीकरणे संगणक क्षणार्धात सोडवतो. परंतु बोल्ट छिद्रात किंचित सरकतो, अँगल एकाच अंगाने जोडलेला असल्यामुळे भार त्याच्या मध्यातून जात नाही, या गोष्टी त्या समीकरणांत सहजासहजी मावत नाहीत. म्हणून नव्या नमुन्याचा मनोरा आजही पूर्ण आकारात उभा करून, दोरखंडांनी ओढून, टप्प्याटप्प्याने पूर्ण भारापर्यंत नेऊन पारखतात. बंगळूरच्या केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेत आणि नागपूरजवळ बुटीबोरीस अशी चाचणीची ठिकाणे आहेत.

आणि याच समीकरणांतून ते शून्य बाहेर पडते. पायाच्या सरळ रेषेत मधेच एक सांधा घ्या, जेथे एका बाजूच्या पातळीत एकच बारीक दांडी पायाला येऊन मिळते. पायाचे वरचे व खालचे बळ एकाच रेषेत आहे, सांध्यावर बाहेरचा कोणताही भार नाही. मग त्या दांडीत जर काही बळ असेल, तर त्याचा आडवा भाग तोलायला तेथे दुसरे कोणीच नाही. अर्थात तिच्यातील बळ शून्य असले पाहिजे. गणित निर्दोष आहे. मात्र पाय कायम सरळच राहील हे त्या गणिताने आधीच मानून घेतलेले आहे.

शेतातली वाळलेली तुराटी दोन्ही तळव्यांत उभी धरून दाबली, तर ती चिरडून मोडत नाही. मधोमध बाक काढते आणि तेथून तुटते. हीच तुराटी अर्ध्या लांबीची घेतली, तर बाक काढायला जवळपास चौपट जोर लागतो. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली या घटनेचे गणित सिद्ध केले: दाबाखालच्या बारीक दांडीची बाक काढण्यापूर्वीची शक्ती तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. पोलादाची ताकद कितीही असो, लांब आणि सडपातळ दांडी त्या ताकदीपर्यंत पोहोचण्याआधीच मुडपते. म्हणूनच मानक ८०२ ने लांबीच्या मानाने दांडी किती सडपातळ आहे हे सांगणाऱ्या कृशता-गुणोत्तरावर पायांसाठी १२० ची, इतर भारवाही दांड्यांवर २०० ची मर्यादा घातली आहे.

आपल्या कल्पित मनोऱ्याचा पाय १०० मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड अँगलचा आहे असे समजा, आणि त्याला दर दीड मीटरवर दोन्ही बाजूंनी बारीक दांड्यांचा आधार आहे. या स्थितीत साध्या पोलादाचा तो पाय सुमारे ३२ टनांपर्यंत दाब सोसू शकतो. त्याच्यावर वादळात येणारा दाब २१ टन, म्हणजे निर्धास्त. आता एका सांध्यावरच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या काढून घ्या. पायाची निराधार लांबी तीन मीटर झाली, आणि ऑयलरच्या नियमाने त्याची शक्ती १३ टनांवर आली. ४५ मिलिमीटरच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या त्या दोन दांड्यांचे वजन मिळून आठ किलोच्या आसपास भरते. भंगारवाल्याच्या काट्यावरचे आठ किलो लोखंड गेले आणि मनोऱ्याची एकोणीस टन ताकद त्यासोबत गेली. ती गेल्याचे त्या दिवशी कोणालाच कळत नाही, कारण वारा नसताना पायावर अवघे अडीच टन असतात. मानककारांनी या दांड्यांना हिशेबातील शून्यावर सोडलेले नाही. पायातील दाबाच्या अडीच टक्के बळ, आपल्या उदाहरणात सुमारे अर्धा टन, त्या सोसतील अशा त्या घडवाव्यात असा दंडक आहे. पाय सरळ ठेवण्यासाठी इतके पुरते. आणि अर्ध्या टनाच्या या खात्रीवर एकवीस टनांचा पाय उभा असतो.

मग वैशाख येतो, दुपारी ढग भरून येतात, आणि अवकाळी पावसाच्या आधी उठणाऱ्या वावटळीत दांड्या हरवलेला एक मनोरा गुडघ्यात दुमडल्यासारखा बसतो. येथेच संकट थांबत नाही. पडणारा मनोरा तारांनी शेजाऱ्याला ओढतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ च्या हिमवादळात तारांवर बर्फ साचून एक हजारांहून अधिक पोलादी मनोरे कोसळले, त्यात ही साखळी मोठी होती, आणि त्यानंतर तेथे ठरावीक अंतरावर साखळी तोडणारे दणकट मनोरे बसवले गेले. आपल्याकडे साधारणतः १५ मनोऱ्यांमागे किंवा पाच किलोमीटरांमागे एक ताण सोसणारा मनोरा घालण्याची वहिवाट आहे, ती याच भयाने.

चोरी रोखण्यासाठी खालच्या भागात पान्याने न सुटणारे खास बोल्ट बसवतात, तरीही करवतीने दांडी कापून नेली जाते. येथे शेतकऱ्याचा प्रश्न येतो, आणि तो बाजूस सारून चालणार नाही. मनोऱ्याखालची जमीन संपादित होत नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहतो, वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वये मिळतात, आणि मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षे चालतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये पायांखालील जमिनीसाठी तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के असा दर सुचविला, जून २०२४ मध्ये तो अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांवर नेला. माझ्या मते ही वाढ उशिराने आलेली असली, तरी रास्त आहे. कारण बांधावरून रोज जाणाऱ्या ज्या माणसाला त्या दांड्यांची जागा सर्वांत आधी रिकामी दिसते, तो माणूस त्या मनोऱ्याला परका मानत असेल, तर वर्षातून ठरावीक वेळा येणाऱ्या गस्तीच्या पथकाने एकट्याने काय राखावे?

पावसाळ्यापूर्वी हे पथक वाहिनीखालून पायी जाते. पायांच्या रेषेवर नजर लावून बाक पाहायचा, रिकामी बोल्टची छिद्रे मोजायची, काँक्रीटच्या माथ्याला भेग पडली आहे काय, माती खचली आहे काय, याची नोंद करायची. दांडी नसेल आणि पाय अद्याप सरळ असेल, तर नवी दांडी बसवून भागते. पायाला बाक आलेला असेल, तर आधी मनोऱ्याला दोरखंडांनी जखडून त्या पायावरचा भार उतरवावा लागतो आणि मगच तो तुकडा बदलता येतो. नवी दांडी लागली, बोल्ट पान्याने पुरता आवळला, की नटाबाहेर राहिलेल्या आट्यावर हातोड्याने तीन जागी पंच मारतात, म्हणजे तारांच्या कंपनाने तो पुन्हा ढिला होत नाही.